मनुकांचं पाणी

"एकेक मनुका बोटानं चाचपून बघ," आत्याबाई म्हणाल्या. "देठ राहिला तर रस तुरट होतो. आणि प्याला तुरट झाला तर लोक मला बोलत नाहीत, पाळकसाहेबांना बोलतात."

मी अंगणात सूप घेऊन बसले होते. जानेवारीतली शनिवारची सकाळ. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि दवाखान्याच्या आवारातली निलगिरीची झाडं कमरेपर्यंत त्यात बुडाली होती. मी त्या वर्षी वीस वर्षांची होते, आठवा महिना चालू होता. आज एक्याऐंशी सरली. मधली कितीतरी वर्षं धुक्यातल्या त्या झाडांसारखी झाली आहेत, शेंडे तेवढे दिसतात. पण त्या शनिवारच्या आणि रविवारच्या मनुका मी अजून मोजून दाखवीन.

आमचं गाव जालन्याच्या बाजूचं. जुन्या मिशनचा दवाखाना, शाळा, ख्रिस्ती मंडळीचं दगडी मंदिर आणि आवाराबाहेर आमची चाळीस-एक घरं. माझे यजमान दवाखान्यात कंपाउंडर. सासूबाई दीनाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तीन महिन्यांतून एकदा मंदिरात प्रभुभोजन असायचं, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, आणि त्याची भाकर अन् रस करायचा मान आमच्या घरात त्यांच्या सासूपासून चालत आला होता. द्राक्षं तिकडे कोण आणणार? मनुका निवडायच्या, भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्यात मंद उकळायच्या आणि मलमलीतून गाळायच्या. भाकर गव्हाची, खमीर न घालता तव्यावर भाजलेली.

"उद्या पीठ तू मळ," आत्याबाई एकदम म्हणाल्या.

"मी?"

"तूच. माझी बोटं आता वळत नाहीत." त्यांनी हात पदराखाली घेतले. "सोमवारी सामान हलवायचं. नव्या घरात जायच्या आधी शिकून घे."

नवं घर म्हटलं की माझा हात आपोआप कमरेला जायचा. तिथं किल्ली खोचलेली असे. दवाखान्याच्या आवारात मागच्या बाजूला एक क्वार्टर रिकामं झालं होतं. दोन खोल्या, फरशी, आणि मागच्या अंगणात नळ. आमच्या सगळ्या वस्तीत नळ कुणाला नव्हता. पाणी टेकडीखालच्या विहिरीचं. जाता-येता पाऊण तास, वर बेचाळीस पायऱ्या. पोट घेऊन त्या पायऱ्या चढताना मी प्रत्येक पायरीवर एकच शब्द म्हणायची: नळ, नळ, नळ. आणि आठ दिवसांपूर्वी दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी यांना बोलावून किल्ली हातात दिली होती.

खरं तर ते घर रिबकाबाईंना मिळायचं होतं.

रिबकाबाई आमच्या दोन दारं सोडून राहायच्या. त्यांचे यजमान दानिएलभाऊ वॉर्डात कामाला होते, यांच्याआधी सहा वर्षं. तीन लेकरं पदरात. पाळी त्यांचीच होती, त्यांच्यामागे आमची. सगळी वस्ती तसंच धरून चालली होती. पण मेट्रनबाईंनी महिन्याभरापूर्वी दानिएलभाऊंना घरी बसवलं. क्षयाची शंका होती. छातीचा फोटो काढायला औरंगाबादला पाठवलं होतं आणि त्याचं उत्तर यायचं होतं. तोवर काम बंद. विहिरीवर रिबकाबाईंनी पोहरा खाली ठेवला की बाया तो आधी तीनदा विसळायच्या. त्या बघत राहायच्या, बोलायच्या नाहीत. बोलायला लागल्या की मात्र रिबकाबाईंची जीभ अशी होती की बाभळीनं बाजूला व्हावं.

"चाचप की," आत्याबाई म्हणाल्या. "कुठं बघायलीस?"

"कुठं नाही."

मी मनुका पाण्यात सोडल्या. त्या तळाशी जाऊन बसल्या, सुरकुतलेल्या, म्हाताऱ्या. मग हळूहळू एकेकीच्या अंगावर बारीक बुडबुडे धरायला लागले.

*

दुपारी आत्याबाईंचा डोळा लागल्यावर मी नव्या घरी गेले. आठ दिवस रोज जात होते. कुलूप उघडलं की ताज्या चुन्याचा वास यायचा. खिडकीतून उन्हाची एक चौकट फरशीवर पडलेली असायची, आणि मी तिच्यात पाय ठेवून उभी राहायची. इथं पाळणा. इथं डबे. इथं आत्याबाईंची खाट, म्हणजे त्यांना दारातून मोगरा दिसेल. मोगरा अजून लावलाही नव्हता, पण मला त्याचा वास यायचा.

मग मागच्या अंगणात जाऊन नळ सोडायची.

त्या दिवशीही सोडला. आधी नळ खोकला. दोन-तीनदा घशात अडकल्यासारखा खोकला आणि मग पाणी आलं, तांबडं. रोज पहिलं पाणी तांबडंच यायचं, गंजाचं. मी रोज ते वाहू द्यायची आणि स्वच्छ धार आली की ओंजळ धरायची. त्या दिवशी मात्र त्या तांबड्या पाण्याकडे बघत राहिले. ते फरशीच्या उतारावरून कोपऱ्यात गेलं आणि तिथं एक डाग धरून थांबलं.

मला रुमाल आठवला.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. विहिरीच्या धोंड्यावर रिबकाबाई धुणं धूत होत्या. त्यांच्या ढिगात दानिएलभाऊंचा रुमाल होता आणि त्यावर तांबडा डाग होता. मी बघितला. पुढं नाताळाच्या आधी मेट्रनबाई मला तपासत होत्या. हात पोटावर ठेवून त्यांनी सहज विचारलं, "शेजारीपाजारी कुणाला खोकला, ताप? तुझ्यासारखीनं जपून राहावं." मी म्हटलं, "नाही बाई. दानिएलभाऊ खोकतात, पण ते थंडीनं असेल." आणि थोडं थांबून म्हटलं, "रुमालावर लाल दिसलं होतं एकदा. पण ते कशाचंही असेल."

एवढंच. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचं गाणं झालं होतं. पण 'थोडं थांबून' हे मी मुद्दाम केलं होतं. मेट्रनबाईंचा हात माझ्या पोटावर थांबला, तेव्हा मला माझ्या नळाचं पाणी ऐकू आलं होतं.

मी नळ बंद केला. घट्ट केला तरी तो थेंब-थेंब गळत राहिला.

*

संध्याकाळी तयारीची सभा होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती असायचीच. मंदिरात पुढं एक मेज, त्यावर लाल कापड आणि कापडावर पितळी बिल्ले. जुन्या रुपयाएवढा एकेक, वर दिव्याची छाप. आमच्या मंडळीची ही जुनी रीत. ज्याच्या मनात कुणाविषयी गाठ नाही, त्यानं उठून बिल्ला उचलायचा. उद्या तो तबकात टाकायचा, मग भाकर घ्यायची. मनात गाठ असेल त्यानं बिल्ला मेजावर राहू द्यायचा. कुणी विचारायचं नाही, पण बघायचे सगळे.

पाळकसाहेब हळू बोलायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "आपण घर सारवतो, सोपा झाडतो, पाहुणा येणार म्हणून. मग पाहुणा येतो आणि आपण दारात केरसुणी घेऊनच उभे असतो. आत कुणी तयार नसतं."

मला वाटलं, सोमवारी घर सारवावं लागणार नाही, फरशी आहे. मनाचं हे असं असतं.

नावं घेतली जात होती. हे गेले, आत्याबाई गेल्या, मी गेले. बिल्ला गार होता. जागेवर येईपर्यंत तळहाताच्या घामानं गरम झाला.

"रिबकाबाई दानिएल."

त्या उठल्या नाहीत. पाळकसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं.

"मला नाही उचलता यायचा, साहेब," रिबकाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी मान हलवून पुढचं नाव घ्यायला कागद वर धरला. पण त्या थांबल्या नाहीत.

"माझा मालक धडधाकट हाय. तो रोगी हाय असं कुणीतरी सांगितलं. कुणी, ते मला ठाव नाही. माफ करायला मी तयार हाय, साहेब. पण करू कुणाला? भिंतीला करू?"

मी मूठ इतकी आवळली की दिव्याची छाप तळहातावर उमटली. आत्याबाई माझ्या शेजारी होत्या. त्या समोर बघत होत्या. पण त्यांचे हात पदराखाली होते.

*

पहाटे आत्याबाईंनी चूल पेटवली. मनुका फुगून गोल झाल्या होत्या, पाण्याला मधाचा रंग आला होता. ते आधणाला ठेवून त्यांनी परात माझ्यापुढं सरकवली. हे आतल्या खोलीत झोपलेले. कोपऱ्यात सोमवारसाठी बांधलेली गाठोडी.

"पाणी एकदम ओतू नकोस. मळताना बोलायचं नाही. माझ्या सासूनं मला एकच सांगितलं होतं. पीठ मळताना कुणाचं तरी नाव हाताला आडवं येतं. आलं की पीठ झाकून ठेवायचं आणि आधी त्याच्याकडे जाऊन यायचं. थांबलेलं पीठ बिघडत नाही."

"आणि नाही आलं तर?"

"मग भाकर होते."

मी मळायला लागले. पीठ बोटांना चिकटत होतं. पाणी घातलं, सैल झालं. पीठ घातलं, घट्ट झालं. पुन्हा पाणी. चुलीवर मनुकांचा वास दाटत होता, गोड, डोळ्यांवर झापड आणणारा. त्या वासात मला नवं घर दिसलं: उन्हाची चौकट, तिच्यात पाळणा, पाळण्यावर हलणारी मोगऱ्याची सावली. मी पाळण्यात वाकून बघितलं तर आत बाळ नव्हतं, ओला रुमाल होता.

"का रडतेस?"

"धूर गेला डोळ्यांत."

"लाकडं वाळलेली आहेत, बाई."

मी उठले. आत्याबाईंनी विचारलं नाही कुठं निघालीस. त्यांनी नुसतं ओलं फडकं पिळलं आणि परातीवर टाकलं.

बाहेर धुकं इतकं होतं की दोन दारं म्हणजे दोन कोस वाटले. रिबकाबाई अंगणात होत्या. रिकामी घागर कमरेवर घेऊन विहिरीला निघालेल्या; बाया यायच्या आत जाऊन येत असाव्यात.

"सलाम, रिबकाबाई."

"सलाम. काय करायलीस इथं? कणकेचे हात घेऊन? मीठ हवं होय? भाकरीत मीठ नसतं."

"मीठ नको."

"मग? कळा लागल्या काय?"

मला पायऱ्या चढून आल्यासारखा दम लागला होता. "मेट्रनबाईंना मी सांगितलं. रुमालाचं. लाल दिसलं म्हणून. मीच."

त्यांनी घागर खाली ठेवली, अगदी हळू, लेकरू निजवतात तशी.

"तू."

"हो."

"नळासाठी?"

ते मी सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली.

त्या हसल्या. ते हसू मला अजून ऐकू येतं. "सुवार्ता! काय नाव ठेवलंय आईबापांनी! चांगली बातमी आणलीस भल्या पहाटे." मग हसू एकदम गेलं. "दाढ काढली होती त्यांची. त्या दिवशी. दोन रुमाल भरले. विचारलं असतंस तर दाढसुद्धा दाखवली असती, लेकरांनी उंदराच्या बिळात टाकायला ठेवली होती."

मी कमरेची किल्ली काढली आणि पुढं केली.

"ती मला देऊन तू मोठी होणार? ठेव तुझ्याजवळ." त्यांनी किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही. "घर गेलं चुलीत. तुझा शब्द बाहेर पडला, तो सगळ्या विहिरीवर पसरला. तो गोळा करून आण."

"कसा?"

"जसा टाकलास तसा. तोंडानं. सगळ्यांसमोर." त्यांनी घागर उचलली. "जा आता. पीठ वाळेल."

आणि त्या धुक्यात शिरल्या. थोडा वेळ पैंजणासारखा घागरीच्या कडीचा आवाज येत राहिला.

मी परत आले तेव्हा आत्याबाई रस गाळत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मलमल पिळता-पिळता ऐकलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"किल्ली आली त्या दिवशी तू हसली नव्हतीस. आणि दानिएलला घरी बसवलं, त्याच आठवड्यात मेट्रनबाईंकडे तुझी खेप झाली होती. मला बोटं मोजता येतात."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी मलमलीतला चोथा ताटलीत झटकला. "मला नळ नको होता असं का वाटतं तुला? गुडघे माझे आहेत ना. आठ दिवस मी रोज स्वप्नात त्या नळाखाली पाय धरून बसते." त्यांनी हात पुढं केले. बोटं मिटून उघडून दाखवली; ती चांगली वळत होती. "काल दुपारी तू तिकडं गेलीस, तेव्हा मी निजले नव्हते. जरासं पीठ घेऊन मळून बघितलं. माझ्या हाताला येईना. सकाळी तुला बोटांचं निमित्त सांगितलं तेव्हाच ते मला कळलं होतं, पण बघावं म्हटलं. म्हणून तर परात तुझ्या हाती दिली. सासू आहे ना, अवघड काम सुनेवर ढकललं."

मी फडकं काढून पीठ पुन्हा हातात घेतलं. या वेळी ते गोळा झालं.

*

उपासनेत भाकर मेजावर ठेवली गेली, पांढऱ्या कापडाखाली. तबक फिरायच्या आधी मी उभी राहिले. स्त्रियांनी असं मध्येच उठायची रीत नव्हती. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुस्तक मिटलं.

काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही. दाढ आठवते, कारण ते म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं हसली आणि दानिएलभाऊंनी गालाला हात लावला. 'थोडं थांबून बोलले' हे मी सांगितलं, तेव्हा मेट्रनबाईंनी मान खाली घातली. हे माझ्याकडे बघत होते, जसं कुणी भलत्याच बाईकडे बघतं. बोलून झाल्यावर मी पुढं गेले. मेजावर किल्ली ठेवली. किल्लीशेजारी बिल्ला ठेवला. तो आता तबकात टाकायचा मला हक्क नव्हता; रिबकाबाईंनी मला माफ केलं नव्हतं.

मागं वळले तर आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी आपला बिल्ला माझ्या बिल्ल्याजवळ ठेवला.

"दीनाबाई, तुम्ही?" पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"मीही गप्प बसले, साहेब," आत्याबाई म्हणाल्या आणि माझा हात धरून जागेवर आल्या.

मग मागच्या बाकावरून रिबकाबाई उठल्या. सावकाश चालत मेजापाशी गेल्या. आदल्या दिवशी राहिलेला त्यांचा बिल्ला तिथंच होता. त्यांनी तो उचलला. किल्लीला हात लावला नाही. तबकात बिल्ला पडल्याचा टण्ण आवाज झाला, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा घेतला. मी आयुष्यात पहिल्यांदा केलेली ती भाकर. त्या तो तुकडा किती वेळ चावत होत्या, ते मी बघितलं. भाकर करणाऱ्या घरातल्या आम्ही दोघी त्या दिवशी बाकावर बसून होतो, आणि मंदिरभर मनुकांचा वास होता.

महिनाअखेर औरंगाबादहून उत्तर आलं. दानिएलभाऊंची छाती निर्मळ होती. ते कामावर गेले आणि क्वार्टर त्यांना मिळालं. आमची गाठोडी मी सुटी केली.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून घागर घेऊन विहिरीवर गेले. कंपाउंडर खांद्यावर घागर घेऊन बेचाळीस पायऱ्या चढतोय म्हणून बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ते बाळंतपणापर्यंत रोज जात राहिले. नवं घर मला नंतरही दिसायचं. डोळे मिटले की उन्हाची चौकट यायची. पण पाळण्यात आता रुमाल नसे.

एप्रिलमध्ये पुन्हा प्रभुभोजन आलं. शनिवारी सकाळी मी दारात बसून मनुका निवडत होते. दीड महिन्याचा माझा थोरला आत्याबाईंच्या मांडीवर. समोर सावली पडली म्हणून मान वर केली. रिबकाबाई. कमरेवर कळशी, वर पितळी झाकण. त्या रविवारनंतर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्यांनी कळशी उंबऱ्याशी ठेवली.

"विहिरीचं पाणी मचूळ हाय," त्या म्हणाल्या. "मनुकांना चालायचं नाही. हे नळाचं घे."

मी कळशीचं झाकण काढलं. पाणी स्वच्छ होतं. पहिलं तांबडं वाहू देऊन मग भरलेलं.

त्या दोन पावलं गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"आन् संध्याकाळी बिल्ला उचल. दोघीपण. मंडळीला किती दिवस उपाशी सुगरणींच्या हातचं खायला घालायलाव?"

आत्याबाई खुदकन हसल्या, बाळ दचकलं.

मी मनुका त्या पाण्यात सोडल्या.